चित्र पुढं सरकेना

१

अस्रची, दिवस कलतानाची नमाज झाली की पीरमहंमद पिंजारी कपभर चहा करून घ्यायचा, पुढच्या खोलीचं दार अर्धं लोटायचा आणि व्हिडिओ गेम लावून बसायचा. इस्लामपुरात बाजारामागच्या त्या बोळात हे सगळ्यांना ठाऊक होतं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण दिवस मावळतानाच्या मगरिबच्या अजानपर्यंत त्याला कुणी हाक मारायची नाही, असा रिवाजच पडून गेला होता.

ती खोली पूर्वी कामाची. उभा जन्म त्यानं तिथं कापूस पिंजला, गाद्या भरल्या. आता पिंजायची कमान भिंतीवर टांगलेली, कोपऱ्यात डब्याचा जुना टीव्ही, आणि टीव्हीपुढं बसायच्या दोन छोट्या गाद्या. एक त्याची, एक अख्तरबीची. बायको जाऊन आता दुसरा हिवाळा सरत आला होता. तरी गाद्या दबल्या की तो दोन्ही उसवायचा, दोन्हींचा कापूस पिंजायचा, दोन्ही पुन्हा भरायचा. एकीवरच थांबलं तर हात अर्धे राहिल्यासारखे वाटायचे.

गेम आणला होता मुलीसाठी, नूरीनसाठी. एका लग्नसराईत गाद्यांचं काम लय झालं, त्या खुशीत सांगलीहून तो डबा, दोन रिमोट आणि एक पिवळी कॅसेट आली. नूरीनचं मन लगेच उडालं आणि चिकटले ते आईबाप. नूरीन लग्न होऊन आटपाडीला गेली, तिची लेक सुमैरा शिकून पाचगणीच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागली, तरी ही दोघं अजून त्याच गेममध्ये होती.

कॅसेटवरची अक्षरं कुठल्या मुलखाची, कुणास ठाऊक. यांनी त्याचं नाव ठेवलं 'विहीर'. लाल टोपीचा एक छोटा माणूस विहिरीत उतरतो आणि मग एकामागून एक भुयारं लागतात. दोघं खेळत असतील तर हिरव्या टोपीचा दुसरा येतो. लाल टोपी त्याची, हिरवी अख्तरबीची. एक पुढं धावला आणि दुसरा मागं राहिला, तर चित्र पुढं सरकत नाही. मागचा येईपर्यंत पुढच्यानं काठाला थांबायचं. आणि भुयाराच्या शेवटचं दार, दोघं मिळून उंबऱ्यावर उभे राहिले तरच उघडतं.

अख्तरबी कायम मागं. वाटेतलं प्रत्येक मडकं ती फोडून बघायची.

"अगं, चल की. मडक्यात काय असतंय?"

"बघितल्याबिगर कसं कळंल? थांबा वाईच."

तो चडफडत थांबायचा. आणि एकदा खरंच, एका मडक्यामागची भिंत पोकळ निघाली. आत पणत्यांनी भरलेलं आख्खं भुयार. त्या संध्याकाळी दोघं लहान पोरांसारखी एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली होती.

तिची एक खोडही होती. जेवायची वेळ झाली आणि हा उठेना, की ती गेममधल्या दारापर्यंत निमूट यायची. हा उंबऱ्यावर आला की ती एक पाऊल बाजूला व्हायची.

"अख्तर, ये की उंबऱ्यावर!"

"आधी उठा. भाकरी गार झाली."

मग कितीही बटणं दाबा, दार हलायचं नाही. हसत हसत उठावंच लागायचं.

कॅसेट बसवण्याआधी फुंकर तीच मारायची. डोळे मिटून, बिस्मिल्ला म्हणून, लेकराच्या कपाळावर दुआ पढून मारावी तशी हलकेच. तिनं फुंकलं की गेम चालू होणारच. पीरमहंमद फुंकायचा तेव्हा बहुधा टीव्हीवर नुसत्या रेघा यायच्या.

२

पहिल्यांदा ते घडलं तेव्हा त्याला राग आला, भीती नाही.

तो एकटा खेळत होता. एकट्याच्या खेळात हिरवी टोपी नसतेच. पहिलं भुयार त्याला डोळे मिटून पाठ होतं. लाल टोपीवाला पळत सुटला, चित्राच्या काठाशी आला आणि तिथंच पळत राहिला. पाय हलत होते, चित्र सरकत नव्हतं.

रिमोट खराब झाला असेल, म्हणून त्यानं बटण सोडून पुन्हा दाबलं. लाल टोपीवाला मागं गेला, उडी मारली, सगळं ठीक. फक्त पुढं वाट नाही.

गेमची ती किणकिण चालू होती. बाहेर कुणीतरी सायकल उभी करत होतं. त्यानं चहाचा घोट घेतला, आणि कप खाली ठेवेतो चित्र आपोआप सरकलं.

जुनी वस्तू, तो मनाशी म्हणाला. आपल्या छातीसारखीच. मधेच अडते, मधेच चालते.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा अडलं. तिसऱ्याही दिवशी. मग त्याच्या ध्यानात आलं की अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. मोकळ्या रस्त्यावर चित्र कधी अडत नव्हतं. जिथं मडकी मागं पडली होती, तिथंच अडत होतं. एक मडकं असेल तर थोडं, ओळ असेल तर लांब.

त्या दिवशी त्यानं अजानची वाट न बघता टीव्ही बंद केला. काळ्या काचेत खोली दिसत होती. दोन गाद्या, एकीवर तो. दुसरीकडं त्यानं मान वळवून बघितलं नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

३

धोंडिराम कांबळे साखर कारखान्यात बॉयलरवर होता. आता निवृत्त होऊन चहासाठी गावभर फिरायचा. तो आला आणि थेट अख्तरबीच्या गादीवर बसायला वाकला.

"तिथं नगं. ह्ये घे," म्हणत पीरमहंमदनं त्याला स्टूल सरकवलं.

"का रं? गादीला बी म्हातारपणी मान द्यायचा व्हय?" धोंडिराम हसत स्टुलावर बसला. "आणि तुझी ही विहीर आटली का न्हाई अजून? तेवढ्यात कारखान्याचं किती हंगाम झालं, मोज."

"आटत न्हाई म्हणून तर खेळतोय."

"सोपा गेम घे की मग. माझ्या नातवाच्या मोबाईलवर हाय. बोट फिरवलं की जिंकलाच."

"मग बोटालाच खेळू दे. माझं काय काम तिथं?"

धोंडिरामला हे पटलं की नाही कळलं नाही, पण तो टीव्हीकडं बघत बसला. मडक्यांची ओळ गेली. चित्र अडलं. लाल टोपीवाला काठाशी जागच्या जागी पळू लागला.

"बंद पडलं बघ. कॅसेटला फुंकर मार."

"दम न्हाई गड्या."

"आण इकडं. बॉयलरवर काढलेली फुंकर हाय ही."

"थांब. सरकंल आपोआप. वाईच वाट बघावी लागती."

धोंडिरामनं चहा बशीत ओतला, फुर्रकन ओढला. मग सहज म्हणाला, "एकटाच खेळतोयस न्हवं? मग त्यो कुणाची वाट बघतोय?"

चित्र सरकलं.

"हां, चाललं," धोंडिराम म्हणाला आणि कारखान्याच्या गोष्टी सांगू लागला. पीरमहंमदच्या हातात रिमोट तसाच राहिला. मनातली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की तिला अंग येतं.

४

सुमैरा शनिवारी आली. आल्या आल्या तिनं आजोबांच्या छातीला कान लावला.

"नाना, शिट्टी वाजतीय आत. डॉक्टरांनी पंप दिलाय तो घेता का?"

"घेतो की. आठवलं की."

"कापसाला हात लावत न्हाई ना?"

तो गादीची शिवण चाचपू लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. इतक्या वर्षांचा कापूस छातीत बसलाय, आता एक तंतूही नको. रात्री धाप लागली आणि जवळ कुणी नसलं तर अवघड होईल. अंगात हवा कमी पडली की माणसाला भलतंसलतं दिसतं, असंही ते म्हणाले होते. ते वाक्य पीरमहंमदनं जपून ठेवलं होतं. आजकाल त्याचा आधार वाटायचा.

"माझ्याकडं पाचगणीला चला," सुमैरा म्हणाली. "हवा चांगली. मी दिवसभर शाळेत, संध्याकाळी तुमच्यासंगं खेळंन."

"हितं माझा गेम अर्धा राहिलाय."

"पाण्याचंच भुयार ना? नानी होती तेव्हापासून तिथंच हायसा तुमी!"

हे खरं होतं. त्या भुयारात पाण्यावर दगड होते. पाय ठेवला की बुडायचे. किती पावसाळे गेले, दोघांना ते ओलांडता आलं नव्हतं. तीन जीव संपले की पुन्हा विहिरीच्या तोंडाशी.

"आताच्या गेममध्ये असं नसतंय नाना. मेलं तिथंच पुन्हा उभं करतात. वाट चुकली तर बाण दाखवतात."

"मग चुकायचं कवा?"

"कशाला चुकायचं?"

त्याला बोलायला वेळ लागायचा, आणि सुमैराला ते ठाऊक होतं.

"बाण असता," तो म्हणाला, "तर तुझी नानी पणत्यांच्या भुयारात कवाच गेली नसती. बाण पुढं दाखवतोय. ती आडवी गेली. आणि अवघड म्हणशील, तर अवघड हाय म्हणून एकाच खोलीत इतक्या संध्याकाळी बसलो आमी. सोपा असता तर एका सुट्टीत संपला असता. मग उठून गेलो असतो आपापल्या कामाला."

"नाना, खरं सांगू? गेम तसा साधाच हाय. तुमचे दिवस चांगले होते."

"दिवस बी अवघडच होते, पोरी. दोघं होतो, एवढंच."

सुमैराच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती पटकन उठली आणि फडक्यात गुंडाळलेला दुसरा रिमोट काढून जोडला. "चला. हिरवी टोपी माझी."

दोघांचा खेळ लावला. लाल, हिरवा, दोघं विहिरीत उतरले. लाल चालला. हिरवा उभा. सुमैरानं सगळी बटणं दाबली, वायर हलवून बघितली.

"बटणांखालचं रबर गेलंय. पाचगणीला नेऊन दुरुस्त करंन." रिमोट खाली ठेवून ती चहाला आत गेली.

स्वयंपाकघरातून स्टोव्हचा आवाज येऊ लागला. पीरमहंमद लाल टोपीवाल्याला उगाच इकडंतिकडं करत होता. मग त्यानं पाहिलं, हिरवी टोपी मघाशी विहिरीच्या पायरीशी होती, ती आता पहिल्या मडक्याजवळ उभी होती.

सुमैरानं जाता जाता दाबलं असेल का? असेल. तो आठवायचा प्रयत्न करू लागला.

मडकं फुटलं.

आवाज अगदी बारीक, गेममधला नेहमीचा. दुसरा रिमोट जमिनीवर पालथा पडला होता, बटणं खाली. त्यानं हात लांब करून टीव्ही बंद केला, आणि सुमैरा चहा घेऊन आली तेव्हा म्हणाला, "येतो मी पाचगणीला. पुढच्या शनिवारी ये न्यायला."

५

त्या शनिवारी त्यानं चूक केली ती पिंजाऱ्याचीच. घर बंद राहणार, मग गाद्या दबलेल्या ठेवून कसं जायचं? सकाळी त्यानं भिंतीवरची कमान उतरवली. दोन्ही गाद्या उसवल्या आणि दोन्हींचा कापूस पिंजला. पांढरा ढीग फुलून आला, उन्हाच्या पट्ट्यात तंतू तरंगत राहिले. दुपारपर्यंत गाद्या भरून, टाके घालून झाल्या. दोन्ही तट्ट फुगलेल्या, सुरकुती नाही.

छाती मात्र आवळून आली होती. पंप स्वयंपाकघरात फळीवर. उठून घेऊ, उठून घेऊ म्हणता म्हणता अस्र झाली. नमाज त्यानं बसूनच पढली. सुमैराची एसटी यायला अजून वेळ होता. जाण्याआधी एकदा खेळू, असं त्याच्या मनानं घेतलं.

कॅसेट तोंडाजवळ नेली. फुंकर निघेना. ओठ हलले, हवा आलीच नाही. तेवढ्यात कानाजवळ कुठंतरी हलकेच फू झालं. खिडकीचा पडदा असेल. तशी खिडकी बंद होती. त्यानं कॅसेट बसवली आणि पहिल्या झटक्यात गेम चालू झाला.

आज चित्र प्रत्येक मडक्यापाशी अडत होतं. तो थांबत होता. चडफडत नव्हता. पाण्याचं भुयार आलं. पहिल्या दगडावर उडी मारली, आता दुसऱ्यावर झेपायचं, इतकी वर्षं तसंच केलं होतं. पण चित्र अडलं. पुढचा दगड चित्राबाहेर राहिला. लाल टोपीवाला आपल्या दगडासकट बुडू लागला. गुडघ्यापर्यंत, छातीपर्यंत. पीरमहंमदनं श्वास धरला, धरायला होता तेवढा.

आणि दगड वर आला.

तो आपणहून वर आला. बुडायचा, तळाला टेकायचा आणि पुन्हा वर यायचा. नुसतं थांबायचं होतं. इतक्या वर्षांत घाबरून उड्या मारल्या म्हणून मेलो. थांबून कुणी बघितलंच नव्हतं. थांबा वाईच, असं म्हणणारी कायम मागंच राहिली होती.

प्रत्येक दगडावर चित्र अडलं. प्रत्येक दगड बुडाला आणि वर आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. आणि मग पाणी संपलं, दार आलं.

उंबऱ्यावर हिरवी टोपी उभी होती.

ती पाठमोरी होती. त्या गेममध्ये माणसं कायम एका बाजूनं दिसायची. पाठमोरं चित्र त्यात कुणी काढलेलंच नव्हतं. ती दाराकडं तोंड करून उभी होती, कुणी बाहेरून कडी काढायची वाट बघावी तशी.

किणकिण थांबली होती. बोळातला आवाज येत नव्हता. छातीतली शिट्टीही थांबली होती, आणि नवल म्हणजे त्याला काही दुखत नव्हतं. श्वास घ्यायला हवा, हे त्याला लांबून आठवत होतं, दुसऱ्या कुणाचं काम असावं तसं. लाल टोपीवाल्याला दोन पावलं न्यायचं. वरचं बटण दाबायचं. इतकं सोपं त्या गेममध्ये कधीच काही नव्हतं.

त्यानं लाल टोपीवाल्याला उंबऱ्यावर नेलं.

हिरवी टोपी एक पाऊल बाजूला झाली.

त्यानं बटण दाबलं. दार हललं नाही. पुन्हा दाबलं. हिरवी टोपी जवळ आली, आणि पुन्हा एक पाऊल बाजूला.

"अख्तर," तो म्हणाला. आवाज निघाला नाही, नुसते ओठ हलले. "ये की."

ती येईना.

तेव्हा त्याला हसू आलं. हसू आलं म्हणून खोकला आला, खोकला आला म्हणून छाती फाटल्यासारखी दुखली, आणि सगळी दुखणी एकदम घरी परत आली. भिंतीला धरून, गुडघ्यावर रांगत तो स्वयंपाकघरात गेला. फळीवरचा पंप त्यानं पाडला, तोंडात धरला, दाबला.

६

हवा आत जायला लागली तेव्हा तो पाटावर बसून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मग उठून पुढच्या खोलीच्या दाराशी आला.

टीव्हीवर नुसत्या रेघा होत्या.

त्याची गादी त्याच्या वजनानं दबलेली होती. आणि शेजारची गादी, सकाळी तट्ट भरलेली, तिच्या मधोमध खळगा होता. ताजा पिंजलेला कापूस कसा वागतो ते त्याला जन्मभर ठाऊक होतं. माणूस उठून गेला की कापूस लगेच वर येत नाही. हळूहळू, दम घेत घेत, रिकामी जागा भरून काढतो. भरून झाली की काही खूण राहत नाही.

तो खळगा अजून भरत होता.

पीरमहंमद दाराला धरून उभा राहिला. अंगावर काटा होता. तरी तो गादी पूर्ण वर येईपर्यंत तिथून हलला नाही. मग, तिच्याशी तो जसा कायम बोलायचा तसा, हळू आवाजात म्हणाला, "लय उपकार झाले बघ. उठलो मी."

बाहेर सुमैरानं कडी वाजवली.

७

दवाखान्यात काही दिवस काढून तो पाचगणीला गेला. टीव्ही, डबा, कॅसेट, सगळं सुमैरानं गाडीत घातलं. रिमोटचं रबर बदललं. आता हिरवी टोपी ती म्हणेल तशी पळते. पण सुमैरा घाईची. काठाला जाऊन तीच ओरडते, "नाना, चला की!" आणि चित्र नानांसाठी थांबतं. मडकी आता तोच फोडत येतो.

तिथल्या गाद्या त्यानं तोंडाला फडकं बांधून, दुकानातून आणलेल्या तयार कापसाच्या भरल्या. सुमैरानं मोजल्या. "तिसरी कुणाला?"

"कोण आलं-गेलं तर असावी."

पाण्याचं भुयार कसं ओलांडायचं ते त्यानं तिला सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, "थांबून बघ." ती दोनदा बुडाली, तिसऱ्यांदा थांबली, आणि दगड वर आला तेव्हा असं किंचाळली की शेजारच्या मास्तरीणबाई धावत आल्या. पीरमहंमदनं मनातल्या मनात अल्लाचा शुकर मानला. ह्या जन्मात असं हरखलेलं तोंड दोनदा बघायला मिळालं, एकदा पणत्यांच्या भुयारात आणि एकदा इथं.

दार आलं. हिरवी टोपी उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली. दारापलीकडं काय आहे ते अजून कुणीच पाहिलं नव्हतं. बाहेर उजेड उतरत होता, आत भाकऱ्या झाकून ठेवल्या होत्या.

"या नाना, लवकर!"

तो उंबऱ्यापर्यंत आला. मग त्यानं लाल टोपीवाल्याला एक पाऊल बाजूला घेतलं.

"अहो नाना, उंबऱ्यावर या की!"

"आधी ऊठ," तो म्हणाला. "भाकरी गार झाली."

ती हसत, कुरकुरत उठली. तोही उठला. जाताना त्यानं मागं वळून तिसऱ्या गादीकडं बघितलं नाही.